चित्रशाळा कोणासाठीं?

“आम्हांस चित्रांतलें कांहीं कळत नाहीं बुवा!” हें वाक्य आमच्या सुशिक्षित समाजांत जितक्या मोकळेपणानें उच्चारलें जातें, तितक्या मोकळेपणानें दुसऱ्या कोणत्याहि कलेविषयीं उच्चारलेलें आम्हीं ऐकलेलें नाहीं. गाण्याच्या बैठकींतून उठून आलेल्या गृहस्थास स्वतःला एक सूर लावतां येत नसला, तरी गवयाची तान कोठें रंगली आणि कोठें घसरली हें तो घरीं पोहोंचेपर्यंत सोबत्यांस सांगत असतो. नाटकाच्या पहिल्या अंकाचा पडदा पडतो न पडतो तोंच नायकाच्या अभिनयाचा निकाल प्रेक्षागृहांत लागलेला असतो. परंतु हाच रसिक चित्रशाळेच्या पायऱ्या चढूं लागला म्हणजे त्याचा आवाज आपोआप खालीं येतो. चित्राकडे पाहण्याआधीं तो चित्राखालची चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर मोठें नांव असलें तर दोन पावलें मागें सरून गंभीरपणें मान हलवितो. नसलें तर पुढच्या चित्राकडे वळतो. तासाभरानें बाहेर पडतांना त्याच्या पायांस शीण आलेला असतो आणि मनांत मात्र कांहींच उरलेलें नसतें.

या संकोचाचें कारण चित्रकलेच्या अवघडपणांत आहे अशी सामान्य समजूत आहे. आम्हांस ती तितकीशी पटत नाहीं. गायन कांहीं कमी अवघड नाहीं. किंबहुना त्याचें शास्त्र चित्रशास्त्राहून अधिक किचकट आहे. तरीहि गाणें ऐकावयास जातांना ‘मी गवई नाहीं’ म्हणून कोणी उंबऱ्याशीं थबकत नाहीं. मग चित्रापुढेंच हा परकेपणा कां वाटावा? आमच्या मतें याचें उत्तर कलेंत शोधण्यापेक्षां चित्रशाळा नांवाच्या संस्थेच्या इतिहासांत शोधणें बरें. ही संस्था प्रथम ज्यांच्यासाठीं म्हणून निघाली त्यांत तुमच्याआमच्यासारख्यांची गणना नव्हती. आपण तेथें मागाहून आलों, आणि तेंहि पायरीपायरीनें.

युरोपांत अठराव्या शतकापर्यंत देवळांतील चित्रें सोडलीं तर उत्तम चित्रें राजेरजवाड्यांच्या व सरदारांच्या महालांतच असत. तीं पाहावयाचीं तर ओळख हवी, शिफारस हवी, आणि अंगावर साजेसा पोशाख हवा. फ्लॉरेन्स येथील मेदिची घराण्याची अखेरची वारस आन्ना मारिया लुइझा हिनें १७३७ सालीं करार करून घराण्याचा सारा संग्रह त्या नगराला कायमचा बांधून दिला. त्यांतील एकहि वस्तु नगराबाहेर नेतां कामा नये. कारण तो संग्रह राज्याचें भूषण, जनतेचा उपयोग आणि परदेशीयांचें आकर्षण यांसाठीं आहे, असा त्या कराराचा आशय होता. पुढें १७६९ सालीं उफीत्सी येथील दालनें लोकांस खुलीं झालीं. जनतेचा चित्रांशीं कांहीं संबंध असूं शकतो, ही गोष्ट लेखी स्वरूपांत येण्याचा हा एक आरंभींचा प्रसंग होय.

परंतु चित्रें पाहूं देणें वेगळें आणि त्यांविषयीं बोलूं देणें वेगळें. हा दुसरा वाद पॅरिसमध्यें पेटला. तेथील राजमान्य चित्रकारसंस्थेच्या सभासदांचीं चित्रें १७३७ पासून लूव्हरच्या राजवाड्यांतील एका दालनांत वेळोवेळीं मांडलीं जाऊं लागलीं. दार सर्वांना मोकळें असल्यामुळें तेथें उमरावांबरोबर कारागीर आणि दुकानदारहि गर्दी करीत. अशा एका प्रदर्शनावर ला फाँ द सेंत-येन नांवाच्या गृहस्थानें १७४७ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. हा गृहस्थ चित्रकार नव्हता. तरीसुद्धां कोणतें चित्र साधलें, कोणतें फसलें आणि एकंदर चित्रकलेची घसरण कां होत आहे, याची त्यानें बेधडक चर्चा केली. त्याचा मुद्दा साधा होता. लोकांपुढें मांडलेलें चित्र हें छापून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथासारखें किंवा रंगभूमीवर आणलेल्या नाटकासारखें आहे. मग ग्रंथावर आणि नाटकावर मत देण्याचा जो अधिकार वाचकप्रेक्षकांस आहे, तो चित्राच्या बाबतींत कां नसावा?

चित्रकार मंडळी खवळली. ज्यानें कधीं कुंचला हातीं धरला नाहीं त्यानें आमचे दोष काढावे, हें त्यांस सहन होईना. या टीकेचा गवगवा इतका झाला कीं १७४९ सालचें प्रदर्शन भरलेंच नाहीं. एका व्यंगचित्रांत तर हातीं काठी आणि सोबतीला कुत्रा घेतलेला आंधळा अशा रूपांत त्या बिचाऱ्या टीकाकाराला रंगविण्यांत आलें. या चित्राचा अर्थ उघड आहे : जो चित्रकार नाहीं त्याला डोळेच नाहींत. आज आमचा सुशिक्षित गृहस्थ ‘मला कांहीं कळत नाहीं’ असें म्हणतो, तेव्हां अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या व्यंगचित्राला तो नकळत होकार देत असतो.

तथापि त्या ‘आंधळ्या’ची आणखी एक मागणी होती, आणि ती मात्र वायां गेली नाहीं. राजाच्या मालकीचीं उत्तमोत्तम चित्रें अंधाऱ्या खोल्यांत कुजत पडलीं आहेत, तीं लोकांच्या दृष्टीस पडतील अशा जागीं लावावींत, असें त्यानें लिहिलें होतें. पुढें तीनच वर्षांनीं, १७५० सालीं, लक्सेंबर्ग राजवाड्यांत सुमारें शंभर राजकीय चित्रें मांडून आठवड्यांतून दोन दिवस लोकांस दार उघडण्यांत आलें. सार्वजनिक चित्रशाळेचा फ्रान्समधील पाया असा एका चित्रकार नसलेल्या माणसाच्या तक्रारीवर रचला गेला आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्यानंतर राज्यक्रांति झाली. राजसत्ता कोसळली त्याच्या पहिल्या वाढदिवशीं, म्हणजे १० ऑगस्ट १७९३ रोजीं, लूव्हरच्या राजवाड्यांत राष्ट्राच्या मालकीचें संग्रहालय म्हणून ५३७ चित्रांसह समारंभ झाला. काल राजाचें होतें तें आज प्रत्येक नागरिकाचें झालें. पण हक्क मिळाला तरी वेळ कोणाला किती मिळाला, हें पाहण्यासारखें आहे. क्रांतीच्या नव्या पंचांगांत सात दिवसांच्या आठवड्याऐवजीं दहा दिवसांचें चक्र होतें. त्या दहांपैकीं बरेच दिवस चित्रकारांस नकला करण्यासाठीं राखून ठेवलेले, कांहीं झाडलोटीसाठीं, आणि राहिलेले तीन दिवस सर्वसामान्य जनतेसाठीं! पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतहि पॅरिसच्या नागरिकास मुख्यतः रविवारींच आंत येतां येई. इतर दिवस चित्रकारांचे आणि पासपोर्ट दाखविणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे. दररोज सर्वांना मोकळीक मिळण्यास १८५५ साल उजाडावें लागलें. समतेच्या जयघोषांत उघडलेल्या दारालाहि एक उंबरठा होता, आणि तो चित्रकार व अचित्रकार यांमधील होता.

लंडनची कथा थोडी निराळी आहे. परंतु तात्पर्य तेंच. ब्रिटिश म्यूझियम १७५९ सालच्या जानेवारींत उघडलें तें अभ्यासू व जिज्ञासू माणसांसाठीं. प्रवेशास पैसा पडत नसे. पण आपलें नांव, पेशा व पत्ता द्वारपालाजवळ आगाऊ नोंदवावा, अर्ज मंजूर झाल्यावर तिकिटासाठीं पुनः यावें, आणि नेमल्या वेळीं एका अधिकाऱ्याच्या पाठोपाठ दालनांतून भराभर चालत जावें, अशी तेथील व्यवस्था होती. ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर त्याला हे हेलपाटे कसे परवडणार? तिकिटाची ही अट १८१० सालीं निघाली, आणि ‘नीटनेटका पोशाख’ एवढीच अट उरली.

राष्ट्रीय चित्रशाळा म्हणून जी लंडनला आज प्रसिद्ध आहे तिचा जन्म १८२४ चा. अँगरस्टाइन नांवाच्या सावकाराच्या संग्रहांतील ३८ चित्रें सरकारनें ५७,००० पौंडांस विकत घेतलीं आणि त्याच्याच घरांत मांडलीं. पुढें १८३८ सालीं तीं ट्रॅफल्गर चौकांतील नव्या इमारतींत आलीं. ही जागा शहराच्या मधोमध, अगदीं वाटेवर. त्यामुळें लोकांची रीघ लागली. येथेंहि शुक्रवार-शनिवार नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि आरंभींचे चार दिवस जनतेचे, अशी वांटणी होतीच. लवकरच तक्रारी सुरू झाल्या. गर्दीची धूळ, श्वासोच्छ्वासाची वाफ आणि शहराच्या चिमण्यांचा धूर यांनीं चित्रें काळवंडतात, असें म्हणणें पुढें आलें. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाचा सल्लाहि या कामीं घेण्यांत आला.

या चौकशीसाठीं पार्लमेंटनें १८५० सालीं नेमलेल्या समितीपुढें चित्रशाळेचे रक्षक टॉमस यूविन्स यांची साक्ष झाली. यूविन्स स्वतः चित्रकार होते. त्यांनीं सांगितलेला एक प्रसंग मोठा मौजेचा आहे. खेड्यांतून आलेलें एक कुटुंब चित्रशाळेंत खुर्च्या जवळ ओढून गोल करून बसलें होतें. टोपलींतून खाद्यपेयें निघालीं होतीं आणि फराळ रंगांत आला होता. हें येथें शोभत नाहीं, असें यूविन्स यांनीं सुचवितांच त्या मंडळींनीं राग मानला नाहीं. उलट त्यांतील एका बाईनें मोठ्या अगत्यानें त्यांच्याच पुढें जिन दारूचा पेला केला! समितींतील सभ्य गृहस्थांस ही हकीकत ऐकून काय वाटलें असेल याची कल्पना सहज करतां येते. आम्हांस मात्र ती वाचतांना त्या खेडवळ कुटुंबाविषयीं आदरच वाटतो. जत्रेंत देवळाच्या ओवरींत शिदोरी सोडावी तितक्या सहजपणें तें त्या चित्रांच्या सहवासांत बसलें होतें. तें वर्तन चित्रांना अपायकारक होतें हें खरें. पण ‘ही जागा आपली आहे’ ही जी भावना त्यामागें होती, तीच पुढें शिस्त लागतां लागतां बहुधा नाहींशी झाली.

प्रश्न असा उभा राहिला कीं, चित्रें वांचवावयाचीं तर तीं गर्दीपासून दूर, स्वच्छ हवेच्या उपनगरांत न्यावींत काय? या वादावर नेमलेल्या आयोगानें १८५७ सालीं ट्रॅफल्गर चौकाच्या बाजूनें कौल दिला. आयोगापुढें न्यायमूर्ति कोलरिज यांनीं यासंबंधीं मांडलेला विचार फार मोलाचा आहे. संग्रहाचा हेतु चित्रें असावींत एवढाच नव्हे. लोकांस उन्नत आनंद मिळावा हा खरा हेतु असून चित्रें हें त्याचें साधन आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. साधन जपण्याच्या भरांत साध्यच दूर लोटणें शहाणपणाचें नव्हे. हा विचार मांडणारा न्यायाधीश होता, चित्रकार नव्हता, हेंहि येथें सांगून ठेवतों.

दार उघडलें, जागाहि मिळाली. तरी कष्टकऱ्याला उसंत कोठें होती? त्याचा दिवस कारखान्यांत जाई आणि रविवार धर्मनिष्ठांनीं बंद करून ठेवलेला. साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालय १८५७ सालीं उघडलें तेव्हां त्याचे चालक हेन्री कोल यांनीं दालनांत गॅसचे दिवे लावून तें संध्याकाळींहि खुलें ठेवलें आणि तेथें उपाहारगृहहि घातलें. मजुरानें बायकामुलांसह गुत्त्याऐवजीं येथें यावें, अशी त्यांची इच्छा होती. रविवारचें कुलूप लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांचें १८९६ सालीं निघालें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचें त्याआधीं पांच वर्षें, १८९१ च्या मे महिन्यांत. पायांच्या शिणाचा विचार मात्र आणखी उशिरां सुचला. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनीं एका माणसास कपाटांतील वस्तु पाहावयास लावून त्याला किती वांकावें, मान किती मोडावी लागते याचीं छायाचित्रें घेतलीं आणि ‘संग्रहालयाचा शीण’ या विषयावर १९१६ सालीं लेख लिहिला. प्रेक्षक थकतो यांत त्याच्या अरसिकपणाचा दोष नसून मांडणीचा दोष आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडील संग्रहालयाचा उगमच वेगळा. कलकत्त्याचें संग्रहालय १८१४ सालीं एशियाटिक सोसायटीच्या विद्वानांनीं स्थापिलें. परंतु बंगाली जनतेनें त्याला ‘जादूघर’ म्हटलें. लाहोरास लोक ‘अजायबघर’ म्हणत. मराठींत ‘अजबखाना’ हा शब्द रूढ झाला. या नांवांत विद्वत्तेचा लेशहि नाहीं, निव्वळ नवल आहे. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील संग्रहालयाची इमारत २ मे १८७२ रोजीं खुली झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यासाठीं खटपट केली होती. त्यांतील भाऊ दाजींचें नांव १९७५ सालीं त्या संस्थेस दिलें गेलें. तेथें मुख्यतः मांडलेल्या वस्तु म्हणजे या देशांतील पीकपाणी, कारागिरी व उद्योगधंदे यांचे नमुने. म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें तें व्यापाराचें दालन. पण बागेंत वनभोजनास आलेल्या गिरणगांवच्या आणि कोंकणच्या माणसांना तो अजबखाना. मातीच्या बाहुल्यांत आपल्याच जातीचें पागोटें ओळखून हंसणाऱ्या त्या प्रेक्षकाला संकोच कसला तो ठाऊक नव्हता.

मुंबईचें दुसरें मोठें संग्रहालय, जें आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें ओळखलें जातें, त्याची कोनशिला १९०५ सालीं बसली आणि इमारत १९१४ सालीं पुरी झाली. परंतु तोंच महायुद्ध सुरू झाल्यामुळें तेथें लष्करी रुग्णालय उघडावें लागलें. संग्रहालय म्हणून दार उघडलें तें १९२२ च्या जानेवारींत. त्या भव्य घुमटाखालीं प्रथम राहिले ते कलावंत नव्हेत कीं पंडितहि नव्हेत, तर जखमी शिपाई, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. आमच्या विद्यार्थ्यांस घेऊन त्या संग्रहालयांत जाण्याचे प्रसंग आम्हांस वरचेवर येतात. विद्यार्थी वह्या काढून चिठ्ठ्यांवरील शतकें उतरवून घेत असतात आणि त्याच वेळीं एखादी परगांवची म्हातारी विष्णूच्या मूर्तीपुढें थांबून हात जोडते. शतक कोणतें हें तिला ठाऊक नसतें. पण शंख कोणत्या हातांत आणि गदा कोणत्या, हें तिनें एका दृष्टिक्षेपांत पाहिलेलें असतें. दोघांपैकीं अधिक कोणीं पाहिलें, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपवितों.

याच संदर्भांत परळच्या शिवमूर्तीचें उदाहरण बोलकें आहे. सुमारें सहाव्या शतकांतील ही प्रचंड शिला १९३१ सालीं परळ येथें रस्त्याच्या कामांत सांपडली. मूळ शिल्प तेथील देवळांत पूजेंत राहिलें आणि संग्रहालयांत त्याचा ठसा गेला. म्हणजे अभ्यासकाच्या वांट्यास प्रतिकृति आली आणि भाविकाच्या वांट्यास मूळ वस्तु! अर्थात् दर्शन घेणें म्हणजेच शिल्प पाहणें, असें आमचें म्हणणें नाहीं. हात जोडणाऱ्याचे डोळे पुष्कळदां मिटलेले असतात, आणि चिठ्ठी वाचणाऱ्याचे डोळे चिठ्ठीवर खिळलेले असतात. आपल्या देशांत प्रश्न आहे तो या दोहोंच्या मधला डोळा कसा उघडेल हा.

त्याचें उत्तर देण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न आमच्या मतें औंधच्या संस्थानिकांनीं केला. बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं आपला संग्रह लोकांसाठीं मांडला तो राजवाड्याच्या आंत नव्हे, तर यमाईच्या डोंगरावर. देवीला जाणारा सातारा जिल्ह्यांतील शेतकरी ज्या वाटेनें चढतो त्याच वाटेवर रविवर्म्यांचीं चित्रें, पहाडी लघुचित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माय-लेकराचें शिल्प हीं त्याच्या दृष्टीस पडावींत, अशी ही योजना. पुढच्याच वर्षीं त्याच राजानें आपल्या छोट्या संस्थानांत प्रजेला स्वराज्याची घटना दिली. पॅरिसमध्यें जें राजाला पदच्युत करून घ्यावें लागलें, तें औंधांत राजानें आपण होऊन दिलें. आणि राज्य व चित्रें हीं दोन्ही एकाच हातानें दिलीं.

पुण्यांतील दिनकर केळकर यांचा मार्ग याहून निराळा. हे गृहस्थ व्यवसायानें चष्म्यांचे दुकानदार, वृत्तीनें कवि. त्यांनीं १९२० च्या सुमारास जमविण्यास आरंभ केला तो मोठ्या नांवांच्या चित्रांचा नव्हे. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, भांडीं, दारांच्या कोरीव चौकटी असल्या वस्तूंचा. बालवयांत गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्यांनीं उभारलेला हा संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनास दिला. त्यांतील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. तेथें ‘मला यांतलें कळत नाहीं’ असें म्हणणारा मराठी माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. प्रत्येकाला आजीच्या पानाच्या डब्यांतला अडकित्ता आठवतो, आणि मग तो पाहूं लागतो कीं मोराच्या मानेचा बांक कारागिरानें किती नेमका साधला आहे. ओळखींतून पाहणें जन्मास येतें आणि पाहण्यांतून परीक्षा.

येथें कोणी म्हणेल, मग काय ज्यानें त्यानें वाटेल तें बोलावें? तसें मुळींच नव्हे. ला फाँ यानें अधिकार मागितला तो चित्रें समोर उभें राहून नीट पाहिल्यानंतर. पाहण्याचे श्रम न करतां मत देणारा आणि पाहण्याचे श्रम टाळण्यासाठीं ‘कळत नाहीं’ म्हणणारा, हे दोघे आमच्या दृष्टीनें एकाच माळेचे मणी. नम्रतेचा वेष घेतलेला आळस ओळखणें कठीण असतें, एवढाच काय तो फरक.

हे श्रम करावे कसे, याचा धडा दुसऱ्या महायुद्धांत लंडननें दिला. बाँबच्या भीतीनें १९३९ सालीं राष्ट्रीय चित्रशाळेंतील सारीं चित्रें दूर वेल्सकडे हलविलीं होतीं. भिंती उघड्या पडल्या होत्या. अशा वेळीं, निदान एखादें तरी चित्र आम्हांस पाहूं द्या, अशी मागणी वृत्तपत्रांतून झाली. तेव्हां १९४२ पासून दरमहा एक, फक्त एक, उत्तम चित्र आणून लावण्याची प्रथा पडली; टिशियनचें एक जगप्रसिद्ध चित्र आरंभींच्या महिन्यांत अशा रीतीनें आलें. उद्ध्वस्त शहरांतून लोक तेवढ्या एका चित्रासाठीं येत. शेंकडों चित्रें असतांना त्यांपुढून जे भराभर चालत गेले असतील, ते आतां एकाच चित्रापुढें उभे राहिले.

आमच्या वाचकांस आम्ही तेवढेंच सुचवितों. संग्रहालयांत गेलांत तर सारें पाहण्याचा हव्यास सोडा. एका भेटींत एकच वस्तु निवडा. चिठ्ठी शेवटीं वाचा. प्रकाश कोठून येतो, हात काय करीत आहेत, डोळा प्रथम कोठें जातो आणि मग कोठें, एवढें स्वतःशींच विचारा. बरोबर मुलें असतील तर त्यांस विचारा, तीं बहुधा आपल्याआधीं सांगतील. पुढच्या महिन्यांत पुनः त्याच वस्तूपुढें जाऊन उभे रहा, आणि पहिल्या वेळीं काय दिसलें नव्हतें तें मोजा. दहा दिवसांतून तीन दिवस आंत यावयास मिळावें म्हणून पॅरिसच्या सामान्य माणसाला राज्यक्रांतीची वाट पाहावी लागली. आपल्यापुढचें दार उघडेंच आहे. उंबरठा काय तो आपल्या मनांत शिल्लक राहिला आहे.